ओल दिसली की रंगाचा डबा उघडू नका, आधी पाणी शोधा : घराच्या देखभालीचा धागा

घरवही

मंडळी, आमच्या झोपायच्या खोलीच्या एका भिंतीला ओल होती. चार वर्षांत ती भिंत आम्ही दोनदा रंगवली. दोन्ही वेळा खरवडून घेतली, पुट्टी भरली, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले. काही महिने गेले की आधी रंगाला फोड यायचे, मग पापुद्रे सुटायचे. आतला गिलावा बोटाने दाबला तरी भुगा खाली पडायचा. तिसऱ्यांदा रंगारी बोलवायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं, पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय या भिंतीला ब्रश लावायचा नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं आमचं इतके दिवस चाललं होतं.

शोध कसा लागला ते सविस्तर लिहितो, कारण यातलं काहीच अवघड नाही. फक्त धीर लागतो.

भिंतीपलीकडे बाथरूम आहे. पहिला संशय भिंतीतल्या पाइपवर होता. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि सकाळी कुणी उठून नळ उघडायच्या आत परत पाहिला. आकडा होता तिथेच होता. म्हणजे दाबाखालचा पाइप ठीक. मग पेन्सिलने त्या ओलीच्या कडेकडेने भिंतीवर रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. आठ दिवस ते बाथरूम पूर्ण बंद ठेवलं. नवव्या दिवशी ओल रेघेच्या चार बोटं आत सरकलेली होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा मागे हटताना दिसली.

मग एकेक गोष्ट सुरू केली. चार दिवस फक्त बेसिन वापरलं, फरक नाही. पुढचे चार दिवस जमिनीवर थेंब न सांडता बादल्या थेट नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीवरचं पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, तोंडात ओतल्या, तरी फरक नाही. शेवटी ट्रॅपच्या तोंडात फडक्याचा बोळा घट्ट बसवला, जमिनीवर दोन बोटं पाणी साठवलं आणि चोवीस तास तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी रेघेजवळची जागा काळपट पडली होती आणि हाताला गार लागत होती.

गुडघ्यावर बसून टॉर्च लावून पाहिलं तर भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यातलं ग्राउट, म्हणजे टाइलमधल्या फटी भरायचा मसाला, दीड हात लांबीत गेलेलं होतं. नख सहज आत जात होतं. वरून पाहिलं तर तिथे फक्त एक काळी रेघ दिसायची, मळ वाटावा अशी. आम्ही ती घासून साफ करायचो!

खालच्या फरशीची आणि भिंतीच्या टाइलची एकेक ओळ काढून वॉटरप्रूफिंग जमिनीवरून भिंतीवर चढवून घेतलं. टाइल बसवायच्या आधी पुन्हा पाणी साठवून पाहिलं. हा टप्पा गाळायचा नाही, टाइल लागल्यावर काहीच कळत नाही. खोलीकडची भिंत मात्र खरवडून उघडीच ठेवली आहे आणि ती पूर्ण वाळेपर्यंत रंग नाही.

तेव्हापासून घरासाठी एक वही केली आहे. कोणती चावी कुठलं पाणी बंद करते, टाकी कधी धुतली, एसीची जाळी कधी काढली, कुठल्या भिंतीला कधी चीर दिसली, सगळं तारखेसकट. तुम्ही घरात काय काय आणि कधी तपासता ते लिहा, वहीत भर पडेल.

उंबरठा

धागा अगदी वेळेवर आला. पेन्सिलच्या रेघेची कल्पना फार आवडली, आजच मारते. माझे दोन प्रश्न. एक, आमच्या बैठकीच्या छताला ताटाएवढा पिवळट डाग आहे. वर आमचीच मोरी आणि संडास आहे. दोन, आमच्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, मग मीटर बघून काय कळणार?

ओळंबा

घरवही, तुम्ही जे केलंत ते बांधकामातली माणसंही घाईत करत नाहीत. मनापासून शाबासकी. मी बरीच वर्षं साइटवर काढली आहेत, त्यामुळे थोडं लांबट लिहितो.

उंबरठा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मीटर हे मीटर ते टाकी एवढ्याच पाइपची परीक्षा करतं. टाकीपासून खाली घरात येणाऱ्या पाइपसाठी टाकीत पाणी येणं बंद करा, आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर खूण करा, घरातले सगळे नळ रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी पातळी पाहा. उतरली असेल तर कुठेतरी पाणी जातंय. मग टाकीखालच्या चाव्या एकेक करून बंद ठेवत पुढच्या रात्री हेच करा, म्हणजे कुठली लाइन ते कळेल.

आता ओलीबद्दल. सगळी ओल गळतीची नसते. जमिनीतून केशाकर्षणाने वर चढणारी ओल साधारण एक मीटरपर्यंत दिसते. ती भिंतीच्या पायथ्याशी लांबच लांब पट्ट्यासारखी असते आणि वरच्या कडेला पांढरा लोणा फुटतो. हा लोणा म्हणजे पाण्याबरोबर वर आलेले क्षार. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. गळतीची ओल ठिगळासारखी असते आणि आतल्या पाण्याच्या वापराप्रमाणे कमीजास्त होते. तिसरा प्रकार हवेतल्या दमटपणाचा. बंद खोलीत, कपाटामागे, गार भिंतीवर हवेतलं पाणी जमतं आणि काळी बुरशी धरते. तिथे वॉटरप्रूफिंग करणं म्हणजे कष्ट वाया. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि खोलीत वारा खेळू द्या.

ओळखायचं कसं? दीड फूट बाय दीड फुटाचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ओलीच्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा. एक दिवस एक रात्र जाऊ द्या. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला, पाण्याचे कण जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दव धरलं तर ती खोलीतल्या हवेची.

वाळवण्याबद्दलही सांगतो. वीटकामाच्या जाडीच्या दर इंचाला एक महिना हा आमचा ढोबळ अंदाज. म्हणजे सहा इंचाची पूर्ण भिजलेली भिंत वाळायला सहा महिने लागू शकतात. वरून कोरडी दिसली तरी आत पाणी असतं. त्यावर तेलाचा किंवा प्लास्टिकसारखा पडदा धरणारा रंग मारला की पाण्याला बाहेर यायला वाटच उरत नाही आणि फोड येतात. घरवही, तुमच्या भिंतीचं दोनदा नेमकं हेच झालं.

छताच्या डागाबद्दल मला जास्त काळजी आहे. उंबरठा, स्टुलावर नीट उभ्या राहून, खाली कुणालातरी स्टूल धरायला सांगून, लाकडी काठीच्या टोकाने डागाच्या आजूबाजूला हलकेच ठोकून पाहा. डोळ्यांना चष्मा लावा, खपल्या पडतात. चांगला स्लॅब खणखणीत वाजतो. गिलावा किंवा काँक्रीट सुटलेलं असेल तर बद्द, पोकळ आवाज येतो. काँक्रीट मुळात क्षारधर्मी असतं, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. पाणी आणि हवा वर्षानुवर्षं आत जात राहिली की ते संरक्षण संपतं आणि सळईला गंज चढतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होतं. ते फुगलेलं लोखंड खालचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतं. म्हणून छताला सळईच्या सरळ रेषेत चीर दिसली किंवा तांबूस डाग उतरला तर नुसतं सिमेंट थापून झाकू नका. गंज तसाच आत चालू राहतो आणि वजनदार खपली कधीतरी अंगावर पडते. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा.

भिंतीच्या चिरांना मी एकच प्रश्न विचारतो, वाढते आहे का? गिलाव्याच्या केसासारख्या बारीक चिरा बहुतेक घरांत असतात, त्या भरून रंगवल्या की झालं. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद असलेली चीर वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना आडव्या खुणा करून तारीख घाला, मधल्या रुंदीची नोंद ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पाहा. खुणेपुढे गेली किंवा पाच मिलिमीटरच्या वर रुंदावली तर वाट बघू नका.

मोकळी_गच्ची

माझं म्हणणं गच्चीपुरतं. पाऊस यायच्या आधी आणि पाऊस चालू असतानाही पाणी जायच्या तोंडाची जाळी साफ ठेवा. एक प्लास्टिकची पिशवी किंवा मूठभर पानं पुरतात. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर अडीच सेंटिमीटर पाणी साठलं तर ते सव्वा टन वजन होतं आणि ते पाणी बसून राहतं म्हणजे एकेक चीर शोधत बसतं.

पाऊस थांबल्यावर तासाभराने गच्चीवर जा आणि जिथे डबकं राहिलं असेल तिथे खडूने गोल करा. उतार कुठे बिघडला ते त्या गोलांवरून कळतं. कठड्याच्या पायथ्याचा वाटा, म्हणजे कठडा आणि लादी मिळते तिथला सिमेंटचा गोलसर सांधा, कुठे सुटलाय तेही तेव्हाच पाहा. आमच्या गच्चीची गळती मधल्या लादीतून मुळीच नव्हती, सगळी त्या वाट्याच्या चिरेतून होती.

भिंतीत उगवलेलं रोप दोन पानांचं असतानाच मुळासकट काढा. वरून तोडलं की ते परत फुटतं आणि मूळ आत जाड होत राहतं.

कडीकोयंडा

घरवहींच्या वहीत पहिल्या पानावर पाण्याची मुख्य चावी हवी आणि घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, ती बंद करता यायला हवी. आमच्याकडे बेसिनखालची नळी मध्यरात्री फुटली तेव्हा अँगल कॉक, म्हणजे त्या नळीची छोटी चावी, हलेचना, इतक्या वर्षांत कुणी फिरवलाच नव्हता. मुख्य चावीही तशीच जाम. पाणी दोन खोल्यांत पसरलं. आता वर्षातून दोनदा घरातली प्रत्येक चावी पूर्ण बंद करून उघडतो.

संडासाच्या टाकीची गळती आवाज न करता होते. टाकीत खायच्या रंगाचे थोडे थेंब टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर गेलंय. ते बदलायला पंधरा मिनिटं लागतात.

ठिबकणाऱ्या नळाखाली एक तास मापाचं भांडं ठेवून पाहा. आमच्या नळाचं तासाला २०० मिली भरलं, म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच लिटर. जुन्या, बऱ्याच आट्यांनी बंद होणाऱ्या नळात वायसर बदलला की काम होतं. तो जोर लावून आवळत बसू नका, त्याने वायसर बसतो ती जागाच खराब होते. पाव आट्यात बंद होणाऱ्या नळात वायसर नसतो, आतली अख्खी कार्ट्रिज बदलावी लागते. टेफ्लॉन टेप आटे आपल्याकडे तोंड करून धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर जोड आवळताना ती निघून येते.

न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममधून दुर्गंध येत असेल तर ड्रेनेज फोडायच्या आधी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. ट्रॅपमधलं पाणी हेच गटाराचा वास आणि झुरळं अडवणारं झाकण असतं, ते महिनाभरात वाळतं. गावाला जायचं असेल तर वरून चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी लवकर उडत नाही.

विजेची बटणं आणि सॉकेटही मी स्वतःच बदलतो. टेस्टर लावला, पेटला नाही, की काम सुरू.

फेज_न्यूट्रल

कडीकोयंडा, बाकी सगळं मान्य, पण शेवटच्या ओळीसाठी मुद्दाम लॉगिन केलं. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही असं धरू नका. त्यातला दिवा गेलेला असू शकतो. तुम्ही लाकडी शिडीवर किंवा रबरी चपलेत उभे असाल तर तो मंद पेटतो आणि उजेडात दिसत नाही. आधी चालू सॉकेटवर टेस्टर तपासा, मग मेन स्विच बंद करा, मग कामाच्या जागी तपासा आणि मग टेस्टर पुन्हा वीज चालू असलेल्या जागी, म्हणजे मेन बंद असताना शेजारच्या घरातल्या सॉकेटवर. शक्य असेल तर मल्टिमीटर वापरा. मेन बंद केल्यावर तिथे घरातलं माणूस उभं करा. कुणीतरी 'वीज का गेली' म्हणून बटण वर केलं तर काय होईल याचा विचार करा.

सगळ्यांसाठी एक विनंती. बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का पाहा. त्यावर 'टेस्ट' असं छोटं बटण असतं. वीज चालू असताना ते दाबलं की खट्कन ट्रिप व्हायला हवं. नाही झालं तर ते निकामी आहे आणि तुम्ही आहे समजून निश्चिंत बसला आहात. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की तुटणारा स्विच, वेगळा. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला तुटतो, म्हणजे त्याच्या पाचशेव्या भागाहूनही कमी प्रवाहाला. एमसीबीच्या भरवशावर कुणाचा जीव वाचत नाही. मी महिन्याच्या एक तारखेला बटण दाबतो. आरसीसीबी वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याला वगळून वायर जोडून देणारी माणसं भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका. तो ट्रिप होतो कारण कुठेतरी वीज गळते आहे.

गरम लागणारा प्लग, काळपट झालेलं सॉकेट, पिन सैल बसणं, बटण दाबताना चरचर, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी वापर बंद.

गीझरबद्दल थोडंसं. आत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते, म्हणून टाकी टिकते. जड पाणी असेल तर वर्षा-दोन वर्षांनी ती उघडून पाहायला सांगा. सेफ्टी व्हॉल्व ठिबकतो म्हणून त्याला बूच मारणं तर कधीच नाही. तो बंद झाला तर वाढलेल्या दाबाला जायला जागा नाही.

कडीकोयंडा

फेज_न्यूट्रल, खरंच आभारी आहे. मेन बंद न करता काम करत होतो, यापुढे नाही. आत्ताच आरसीसीबीचं बटण दाबून आलो. ट्रिप झालं नाही. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावतोय.

रंधा

लाकडाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. पावसात दार चौकटीत अडकायला लागलं की लगेच रंधा मारू नका. लाकूड पाणी पिऊन फुगलंय, कोरड्या दिवसांत ते परत आकसेल आणि मग दाराला बोटभर फट राहील. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा, निम्म्या वेळा दार तिथेच खाली झुकलेलं असतं. तरीही घासत असेल तर घासल्या जागी मेणबत्ती फिरवा आणि दिवस काढा.

कोरड्या दिवसांत मात्र दार काढून त्याची वरची आणि खालची कड पाहा. माझ्या घरातल्या सात दारांपैकी सहांच्या खालच्या कडेला रंगाचा एक थेंबही नव्हता. समोरून चकचकीत पॉलिश आणि खालून कोरं लाकूड. पाणी तिथूनच चढतं, कारण उभ्या पट्ट्यांच्या रेषांची तोंडं तिथे उघडी असतात. दोन हात प्रायमर आणि रंग दिला, त्यानंतरच्या पावसात एकही दार अडकलं नाही.

भिंतीवर किंवा चौकटीवर मातीची बारीक नळी दिसली की ती वाळवी. सगळी पुसून टाकू नका. मधला एक इंच तुकडा मोडा आणि दोन-चार दिवसांनी पाहा. परत बांधली तर आत जिवंत वस्ती आहे.

तुरटी

टाकी आणि बाथरूम धुणाऱ्यांसाठी एकच सूचना, पण कृपा करून वाचा. ब्लीच आणि अ‍ॅसिडचं क्लीनर कधीही एकत्र वापरू नका, एकामागोमाग एकसुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. माझ्या घरात बंद बाथरूममध्ये हे झालं आहे. घसा आवळल्यासारखा झाला, डोळे उघडेनात, आणि कडी शोधायला लागलेली काही सेकंदं मी विसरू शकत नाही. डाग निघत नाहीत म्हणून 'दोन्ही टाकून बघू' असं मनात आलं होतं, एवढंच कारण. जमिनीखालच्या टाकीत तर एकट्याने कधीच उतरू नका, वर माणूस हवाच.

उंबरठा

सगळ्यांचे आभार, आता आमचा अहवाल देते. ओळंबा काकांनी सांगितल्याप्रमाणे टाकीची पातळी रात्रभर पाहिली, बोटभर उतरली. चाव्या एकेक बंद करत तिसऱ्या रात्री संडासाची लाइन सापडली. टाकीत रंग टाकला, दहाव्या मिनिटालाच भांड्यात उतरला. रबर बदललं. पण काका, भांड्यात जाणारं पाणी तर ड्रेनेजमध्ये जातं, त्याने छताला डाग कसा पडेल, हे मनात राहिलं. म्हणून भांड्याच्या मागे, पाइप जिथे जमिनीत शिरतो तिथे, कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवला. सकाळी तो भिजलेला होता. प्लंबरने जोड उघडला तेव्हा आतलं सील कडक होऊन तडकलेलं निघालं. सतत झिरपणाऱ्या पाण्यामुळे तो जोड कधी कोरडा पडतच नव्हता.

जोड बदलून आज अकरावा दिवस. छतावरचा डाग पेन्सिलच्या रेघेच्या दोन बोटं आत आला आहे.

घरवही

उंबरठा, वाचून फार बरं वाटलं! नवी रेघ मारून तारीख घाला. आणि काठीने ठोकून पाहिलंत का?

उंबरठा

पाहिलं. डागाच्या मधोमध खणखणीत आहे, पण खिडकीकडच्या कोपऱ्यात वीतभर जागा बद्द वाजते. तिथे तांबूस रेघही आहे, आजवर कोळिष्टक समजत होते. ओळंबा काका, उद्या उजेडात फोटो काढून टाकते. तोवर त्या कोपऱ्याखालचा मुलीचा पलंग आत्ताच हलवला आहे.